आठवीच्या वर्गात उलटतपास

(दृश्य: बाकं सरकवणारी मुलं)

बाकं भिंतीला लागली, टेबल फळ्याखाली आलं. खडूने आखलेल्या या चौकोनात जो उभा राहील, तो साक्षीदार. खटला काल्पनिक आहे. प्रयोगशाळेतली माशांची टाकी फुटली, आणि आरोप आहे मधल्या सुट्टीत तिथे घुटमळणाऱ्या एका मुलावर.

तयारी मात्र कधीचीच सुरू झालीये. प्रत्येक साक्षीदाराला त्याचा जबाब लिहून मिळतो. जबाबाबाहेरचं एक अक्षर बोलायचं नाही, आणि मुलांना नेमकं हेच जड जातं! मग दोन्ही बाजूंचे वकील जबाब चाळायला बसतात. ही वही बघा. 'पाहिलं' असेल तिथे निळी रेघ, 'ऐकलं' असेल तिथे लाल. लाल रेघाच जास्त आहेत.

आरोपीचं वकीलपत्र सुरुवातीला कोणालाच नको होतं. 'त्यानेच फोडली असणार,' म्हणून सगळे मोकळे. आरोप करणाऱ्याने गुन्हा सिद्ध करायचा, तोवर आरोपी निर्दोष. मानवी हक्कांच्या 1948 च्या जाहीरनाम्यातलं अकरावं कलम हेच सांगतं. ते पुस्तकातून पाठ होईलही. पण पटायला वकीलपत्र घ्यावं लागतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: सरतपास)

"टाकी त्यानेच फोडली ना?"

"हरकत आहे! सूचक प्रश्न."

हरकत मान्य. सरतपासात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारताना, त्याच्या तोंडी उत्तर घालायचं नसतं. प्रश्न बदलतो: "तू काय पाहिलंस?" मध्येच सिनेमातलं 'मिलॉर्ड' येतं. येऊ दे.

उलटतपासात, म्हणजे समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारताना, सूचक प्रश्न चालतात. आता ऐका.

"टाकी फुटताना तू पाहिली नाहीस, बरोबर?"

"नाही. आवाज आला."

"आणि दार बंद होतं?"

"हो."

"मग आत तोच होता, हे कशावरून?"

"सगळे म्हणत होते."

बचावाची वकील खाली बसते. सरावात इथेच एक प्रश्न जास्त विचारला होता, आणि साक्षीदाराने सगळं सावरून घेतलं होतं.

(दृश्य: निकालाचं वाचन)

ऐकीव पुरावा ग्राह्य नाही, संशयाचा फायदा, निर्दोष मुक्तता. कारणं न्यायाधीश झालेल्या मुलीने स्वतः लिहिली आहेत.

पुढच्या खटल्यात बाजू बदलणार. आजचे बचावाचे वकील आरोप ठेवतील, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीसाठी आत्ताच चिठ्ठ्या टाकणं सुरू आहे.