गोबरगॅसच्या स्लरीतले रोगजंतू खरंच मरतात का?

नमस्कार मंडळी. गोबरगॅसच्या व्हिडिओंखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर टाकीतून बाहेर पडणारं पातळ शेण, कोथिंबिरीला, मेथीला थेट सोडली तर चालेल का? आणि त्याखाली लगेच उत्तरही येतं, "टाकीत हवा नसते, जंतू मरतात, बिनधास्त द्या." हे उत्तर अर्धवट आहे. भाजी खाऊन माणसं आजारी पडू शकतात, म्हणून आज एवढ्यावरच बोलू.

मूळ गोष्टी भराभर. २ घनमीटरचा दीनबंधू (विटांच्या पक्क्या घुमटाचा) प्लांट, रोज ५० किलो शेण, ५० लिटर पाणी, गुठळ्या फोडायच्या, काडीकचरा काढायचा. महाराष्ट्रात शेणाचा टाकीतला मुक्काम ४० दिवसांचा धरतात, म्हणजे टाकीत शेण-पाण्याचा साधारण ४,००० लिटर काला. हे तुम्हाला माहीत आहे.

आता ते "हवा नाही" प्रकरण. ई. कोलाय आणि साल्मोनेला हे जुलाब लावणारे जंतू मुळात राहतात कुठे? जनावराच्या आतड्यात. तिथे तरी कुठे हवा असते? हे जंतू हवेत जगतात आणि हवेशिवायही. गाईचं अंग असतं ३८.५ अंशांच्या आसपास, त्यामुळे टाकीतले ३०-३५ अंश त्यांना बाधत नाहीत. ते मरतात उपासमारीने, कारण टाकीतले बाकीचे जिवाणू अन्न आधी फस्त करतात. शिवाय शेण कुजताना तयार होणारी आम्लं आणि अमोनिया त्यांना मारतात. पण हे काम सावकाश चालतं. ३५ अंशांवर दहापैकी नऊ ई. कोलाय मरायला सुमारे १.८ दिवस लागतात, साल्मोनेलाला सव्वादोन-अडीच दिवस, जोन्स रोगाच्या (गुरांच्या जुनाट हगवणीच्या) जंतूला ६ दिवस. ५३ अंशांवर मात्र उष्णताच त्यांना मारते, आणि हेच काम तासाच्या आत होतं. आपल्या अंगणातला प्लांट तेवढा तापत नाही.

मग तुम्ही म्हणाल, १.८ दिवसांत नव्वद टक्के गेले, तर ४० दिवसांत उरतंय काय? इथेच सगळे फसतात. ४० दिवस ही सरासरी आहे. रोज १०० लिटर आत जातो आणि तितकाच बाहेर पडतो. काला आत पूर्ण मिसळत असेल, तर आज टाकलेल्या शेणाचा चाळिसावा भाग उद्याच बाहेर येतो. हिशोब मांडून बघा: आत जाताना ग्रॅममागे १० लाख ई. कोलाय असतील, तर बाहेर पडताना सुमारे २० हजार शिल्लक असतात. ९८ टक्के मेले, हे खरं. पण उरलेले २० हजार कच्च्या कोथिंबिरीवर नकोत. दीनबंधूत काला थोडा पुढे सरकत जातो, म्हणून आकडा जरा सुधारतो. पण थंडीत टाकी ३५ अंशांवर नसते, तेव्हा तो पुन्हा बिघडतो.

हीच गोष्ट पाण्याच्या बाजूने बघा. "पातळ केलं की काला छान वाहतो" म्हणून कुणी ५० किलोला १०० लिटर पाणी घालतं. रोजचे झाले १५० लिटर, मुक्काम आला २७ दिवसांवर. गोठ्यातली माती शेणाबरोबर जाऊन तळाशी पाव टाकी गाळ बसला असेल, तर ५०-५० घालूनही मुक्काम ३० दिवसांचाच. गॅस येत राहतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि तिसरी बाजू, सगळ्यांत महत्त्वाची: बाहेरचा खड्डा. एकच खड्डा, वरून रोज ताजी स्लरी पडतेय आणि त्यातूनच बादली भरून वाफ्यात. मग महिनाभर जुनी स्लरी असून उपयोग काय? सकाळची तिच्यात मिसळलीच ना! युरोपीय संघात कत्तलखान्याचा कचरा बायोगॅसला घालायचा असेल तर त्याचे १२ मिलिमीटरपेक्षा बारीक तुकडे करून ७० अंशांवर एक तास ठेवतात. सलग एक तास, मध्ये नवं काही न घालता. आपल्याला ७० अंश जमत नाहीत, पण "मध्ये नवं काही नाही" हे नक्की जमतं.

त्यासाठी दोन खड्डे करा. २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, १ मीटर खोल, म्हणजे ३,००० लिटर, बरोबर ३० दिवसांची स्लरी. पहिला भरला की तोंड बंद करून दुसरा सुरू करा आणि पहिल्याला महिनाभर हात लावू नका. स्लरी २० अंशांच्या आसपास असेल तर दर दोन आठवड्यांनी ई. कोलाय आणि साल्मोनेला दहापट कमी होतात, म्हणजे महिन्यात शंभरपट. उन्हाळ्यात त्याहून लवकर. काला १५ अंशांखाली गेला तर दहापट घटीलाच सहा ते नऊ आठवडे लागतात. निफाडसारख्या थंडीच्या पट्ट्यात तिसरा खड्डा ठेवाच. आणि शेणाचं घमेलं स्लरीत बुडवू नका. तेवढ्याने महिन्याची मेहनत वाया जाते.

काही जंतू यातूनही वाचतात. फाशी (अँथ्रॅक्स) आणि फऱ्या या गुरांच्या रोगांचे जंतू बीजाणू, म्हणजे टणक कवच, करून बसतात, ते ३५ काय, ५३ अंशांवरही मरत नाहीत. अशा जनावराचं शेण आणि गाभडलेल्या जनावराची वार टाकीत अजिबात घालायची नाही. पशुवैद्यकांना विचारून खोल पुरायची. आणि प्रतिजैविकं चालू असलेल्या जनावराचं शेण काही दिवस बाजूला ठेवा, नाहीतर गॅस करणारे जिवाणूच मार खातात.

वापराचं म्हणाल तर ऊस, मका, फळझाडांच्या आळ्यात महिनाभर बंद खड्ड्यात राहिलेली स्लरी खुशाल द्या. पालेभाजीला पेरणीआधी मातीत मिसळा, उभ्या पिकावर फवारू नका. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत कच्चं शेणखत आणि काढणी यांत, खायचा भाग मातीला लागत असेल तर १२० दिवस, नाहीतर ९० दिवसांचं अंतर लागतं. खड्डा महिनाभर बंद ठेवायची सोय नसेल तर तेवढं अंतर पाळा.

शौचालय जोडलेल्या प्लांटबद्दलही बरेच जण विचारतात. त्यात जंतांची अंडी येतात, आणि ती ३५ अंशांवर आठवडेच्या आठवडे टिकतात. ती स्लरी भाजीला नाहीच, फक्त झाडाच्या आळ्यात, वर माती ओढून.