बसू का थोडा वेळ?

(दृश्य : वॉर्ड. सकाळचा राउंड नुकताच संपलाय.)

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. आता एक बाई खुर्ची ओढून पेशंटशेजारी बसतात. या इथल्या चॅप्लिन. पेशंटच्या श्रद्धेची, मनातल्या घालमेलीची विचारपूस हे त्यांचं काम. पहिला प्रश्न ठरलेला : "बसू का थोडा वेळ?"

सुई, तपासणी, पथ्य, पेशंट कशालाच नाही म्हणू शकत नाही. यांना मात्र खुशाल 'नको' म्हणावं. तेवढीही मोकळीक दवाखान्यात फार वाटते.

(दृश्य : जुनी छायाचित्रं.)

1948, लंडन. सिसिली सॉन्डर्स तेव्हा डॉक्टर नव्हत्या. नर्सिंग केलेलं, आता रुग्णालयात समाजसेविका. वॉर्सातून आलेला डेव्हिड टास्मा कॅन्सरनं शेवटाला टेकलेला. परक्या देशात, जवळचं कुणी नाही. तो ज्यू, देवाधर्मापासून दुरावलेला; या श्रद्धाळू ख्रिस्ती. दोघं तासन् तास बोलत. जाताना त्यानं 500 पौंड ठेवले, शेवटाला टेकलेल्या पेशंटसाठी त्या पुढे उभारतील त्या वास्तूतल्या एका खिडकीसाठी. वास्तूचा तर पत्ताच नव्हता!

सॉन्डर्स पुढे डॉक्टर झाल्या आणि 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारं ठिकाण, उभं राहिलं. दुखणं फक्त शरीराचं नसतं, हे त्यांनी लावून धरलं. मनाचं, घरच्या विवंचनेचं आणि 'हे माझ्याच वाट्याला का?' या प्रश्नाचंही दुखणं असतं. वेदना शमवणारं मॉर्फिन वेळेवर द्यायचं, आणि हा प्रश्नही ऐकून घ्यायचा.

(दृश्य : मॉनिटर, सलाइन.)

प्रार्थनेनं आजार बरा होतो का? अमेरिकेत 1802 बायपास पेशंटवर अभ्यास झाला. 2006 च्या निष्कर्षानुसार, परक्यांनी केलेल्या प्रार्थनेनं गुंतागुंत कमी झाली नाही. आपल्यासाठी प्रार्थना चाललीय हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यांच्यात ती थोडी जास्तच दिसली. म्हणून बरं करण्याचं आश्वासन देणारा माणूस खाटेजवळ नकोच. पेशंटनं मागितली तर प्रार्थना, तीही त्याच्या धर्माची. त्याचे धर्मगुरू हवे असतील तर निरोप धाडायचा. नास्तिक असेल तर नुसत्या गप्पा.

(दृश्य : पुन्हा वॉर्ड.)

आजच्या आजोबांना देवाविषयी काहीच बोलायचं नव्हतं. धाकट्या मुलाशी अबोला आहे, एवढंच पुनःपुन्हा सांगत राहिले. बाईंनी त्यांना विचारूनच फाइलमध्ये नोंद केली : "मुलाला भेटायची इच्छा. समाजसेवा विभागानं आजच फोन करावा."