मका शिजवताना चुना का घालतात?

[समोर दोन वाट्या: वाळलेला मका, पांढरी पूड]

नुसत्या मक्याच्या पिठाचा मेक्सिकन टॉर्तिया, म्हणजे तिकडची पातळ भाकरी, नीट लाटताच येत नाही, कडा चिरत जातात. म्हणून मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. ही रीत तिकडे तीन हजारांहून जास्त वर्षं चालत आली आहे.

मका एक किलो, पाणी तीन लिटर, चुना 10 ग्रॅम. चुना विझवलेला आणि खाण्याचाच हवा. कळीचा चुना पाण्यात पडला की खदखदतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. पानाला लावतात त्या ओल्या चुन्यात पाणी किती, याचा पत्ता नसतो, तेव्हा कोरडी पूडच तोलून घ्या. पातेलं स्टीलचं, कारण चुना ॲल्युमिनियम खातो.

[पातेलं जवळून]

चुना ढवळून मका घाला. बघा, दाणे लगेच पिवळेजर्द झाले. मंद आचेवर 30 ते 40 मिनिटं. मग दाणा चोळून पाहा. साल सुटतेय आणि दाणा तोडल्यावर आत थोडा कच्चा, पांढरा भाग दिसतोय? गॅस बंद. झाकून रात्रभर ठेवा. याहून जास्त शिजला तर पीठ हाताला चिकटतं.

रात्रभरात साल विरघळते आणि तिचा गोंद होतो. पीठ बांधून ठेवायला याच गोंदाची मोठी मदत होते. पण खरी कमाल वेगळीच आहे. मक्यातलं नायसिन, म्हणजे ब-3 जीवनसत्त्व, बांधलेल्या रूपात असतं, पोटात गेलं तरी अंगी लागत नाही. चुना ते मोकळं करतो.

कोलंबसानंतर मका युरोपात गेला, चुन्याची रीत मात्र गेली नाही. 1735 मध्ये स्पेनमधल्या गास्पार कासाल या डॉक्टरने मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांमधला एक आजार नोंदवला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे, गळ्याभोवती तर हार घातल्यासारखा पट्टा. पुढे जुलाब, भ्रम, मृत्यू. हाच पेलाग्रा. खराब मका, जंतू, सगळ्यांवर खापर फोडून झालं. अमेरिकेत 1914 पासून जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांनी दाखवून दिलं की दोष आहाराचा आहे: अनाथाश्रमातल्या मुलांना दूध, अंडी, मांस दिलं आणि आजार हटला. नायसिनचा उलगडा 1937 मध्ये झाला. मेक्सिकोत मका खाऊनही हा आजार फारसा नव्हता; पण तिथे मक्याच्या जोडीला घेवडाही असे, म्हणजे सगळं श्रेय चुन्याला देता येणार नाही.

[सकाळ, मका चाळणीत]

पिवळं पाणी ओतून द्या, दाणे चोळून दोनदा धुवा. तिसऱ्यांदा नको, गोंदही वाहून जाईल. न धुता वाटला तर साबणासारखी कडवट चव येते. वाटायला तिकडे मेटाटे वापरतात, आपल्या पाटा-वरवंट्याचा भाऊच. मिक्सर वापरलात तर पाणी चमचा-चमचाच घाला. छोटा गोळा तळहातावर दाबा: कड चिरली तर पाणी कमी, हाताला चिकटला तर जास्त.