११५ दिवस, ११५ डॉलर आणि दोन दारांचं चर्च

नमस्कार मंडळी! माझ्या मागे हे छोटंसं पांढरं लाकडी चर्च दिसतंय ना, ते अमेरिकेत टेनेसीमधल्या केड्स कोव्ह खोऱ्यातलं मेथडिस्ट चर्च. मेथडिस्ट म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ. आधी दारं बघा, पुढच्याच भिंतीत शेजारीशेजारी दोन. इथं येणारे बहुतेक जण लगेच म्हणतात, एक बायकांचं, एक पुरुषांचं. मीपण तेच म्हटलं होतं. चूक! झालं असं की नकाशा उचलला दुसऱ्या एका चर्चचा, तिकडं बायका-पुरुष वेगळे बसायचे म्हणून दोन दारं, इकडं तसली काही भानगडच नव्हती पण दारं आली ती आलीच.

बांधलं कुणी, तर जे. डी. मॅककँबेल, लोहार आणि सुतार. १९०२ साली, ११५ दिवसांत आणि ११५ डॉलरमध्ये, आणि पुढं हाच माणूस इथला पाळक, म्हणजे पाद्री झाला, म्हणजे ज्यानं खिळे ठोकले तोच नंतर वर्षानुवर्षं उपदेश द्यायला उभा! त्याआधी इथं ओंडक्यांचं चर्च होतं, खाली मातीची जमीन, उबेला आत शेकोटी.

आता मेथडिस्ट लोकांची खासियत. डोंगरातल्या प्रत्येक वस्तीला पाळक कुठून आणणार, म्हणून एकच माणूस घोड्यावर बसून गावं फिरायचा, त्याला म्हणायचे सर्किट रायडर. आपल्याकडं चार गावांना एक तलाठी असतो आणि तो अमुक वारीच भेटतो ना, अगदी तसंच, बाकीचे रविवार गावानं आपापलं बघायचं. मेथडिस्टांचे बिशप फ्रान्सिस ॲस्बरी तर म्हातारपणी, १८१० मध्ये, याच डोंगररांगेतल्या कॅटालूचीचा डोंगर ओलांडून गेले.

आणि सगळं गोडीगुलाबीत होतं असं समजू नका हं. अमेरिकन यादवी युद्धात इथली मंडळीपण फुटली, रुसलेल्यांनी खोऱ्याच्या पलीकडच्या बाजूला होपवेल नावाचं वेगळं मेथडिस्ट चर्च काढलं. एवढ्याशा खोऱ्यात!

मग १९३० च्या दशकात नॅशनल पार्क आलं, जमिनी गेल्या, माणसं गेली. पार्कवाल्यांनी जुनी ओंडक्यांची घरं जपली आणि बरीचशी नवी फळ्यांची घरं पाडली, त्यामुळं आज खोरं जितकं जुनाट दिसतं तितकं ते शेवटी शेवटी राहिलेलंच नव्हतं, हे मला जरा खटकतं. चर्च मात्र वाचलं. परवानगी काढून लोक आजही इथं लग्नं लावतात.

मागे दफनभूमी आहे. या डोंगरांत कुणी गेलं की चर्चची घंटा वाजवायचे, जितकं वय तितके टोल, आणि शेतातली माणसं हातातलं काम थांबवून मोजत बसायची, सत्तर, एकाहत्तर, बहात्तर... आकडा थांबला की अंदाज यायचा कोण गेलं ते.

चला, आत जाऊ. डावं दार की उजवं? कुठलंही चालतंय.