मारहाण एक, कलमं पाच: शिक्षा किती?

मंडळी, खानापूर असो, निपाणी असो की अथणी, बांधावरून मारामारी झाली की दोषारोपपत्रात भारतीय न्याय संहितेच्या कलमांची रांग लागते. साध्या दुखापतीचं ११५(२), धोकादायक हत्याराचं ११८(१), त्याच हत्यारानं जबर दुखापत असेल तर ११८(२), अपमानाचं ३५२, धमकीचं ३५१(२). घरची माणसं सगळ्या कलमांच्या वर्षांची बेरीज करतात आणि हातपाय गाळतात. ही बेरीज सरसकट करता येत नाही.

याच संहितेचं कलम ९ तिला आळा घालतं. गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल, तर जुन्या दंडसंहितेचं कलम ७१ बघायचं. गुन्ह्याचे तुकडे स्वतःही गुन्हे असले, तरी प्रत्येक तुकड्याची वेगळी शिक्षा नाही. एकच कृत्य दोन व्याख्यांत बसलं, तर त्यातल्या कुठल्याही एका गुन्ह्याला ते न्यायालय देऊ शकेल त्याहून कडक शिक्षा नाही. उदाहरण कायद्यातच दिलंय: काठीचे पन्नास फटके मारले, तरी शिक्षा पूर्ण मारहाणीची, एकदाच. पण मध्ये पडलेल्याला मुद्दाम फटका मारला, तर तो वेगळा गुन्हा आणि त्याची शिक्षाही वेगळी. म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यातले घाव मोजण्याआधी जखमी माणसं मोजा.

मग प्रत्येक कलमाचे घटक, म्हणजे तो गुन्हा ठरायला जे जे सिद्ध व्हावं लागतं ते, समोरासमोर मांडा. कोयत्याच्या एकाच हल्ल्यात त्याच माणसाचं हाड मोडलं असेल, तर ११८(२) मध्ये ११५(२) चे घटक येऊन जातात. धमकीचं तसं नाही. तिचे घटक निराळे, तिथं कलम ९ मदतीला येत नाही. मुंबई राज्य विरुद्ध आपटे या १९६० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं: घटना एक आहे का, हे बघायचं नाही, गुन्ह्याचे घटक तेच आहेत का, ते बघायचं.

दोन वेगळे कायदे असतील तर जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २६: खटला कुठल्याही कायद्याखाली चालवता येतो, पण त्याच गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही. आपल्याकडे कृष्णा, घटप्रभेच्या वाळूत नेमकी इथंच फसगत होते. ट्रॅक्टर एक, वाळू एक, म्हणून गुन्हाही एकच, असं धरून चालतात. २०१४ च्या दिल्ली राज्य विरुद्ध संजय या निकालानुसार बेकायदा उत्खनन आणि सरकारी वाळूची चोरी हे घटकांनी वेगळे गुन्हे आहेत. कलम २६ तिथं ढाल होत नाही.

आणखी एक चूक वारंवार होते: कलम ९ चा मुद्दा आरोपनिश्चितीलाच, म्हणजे न्यायालय आरोप ठरवतं तेव्हाच, मांडून आरोप गाळून मागणं. खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २४३ सगळे आरोप एकत्र ठेवू देतं. कलम ९ शिक्षेला मर्यादा घालतं, आरोपाला नाही. दोषी ठरवल्यावर शिक्षेवर सुनावणी होते, तिथं हा मुद्दा लेखी द्या.

त्याच वेळी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २५ उघडून बघा. शिक्षा एकत्र भोगायच्या की एकापाठोपाठ, हे न्यायालयानं सांगायलाच हवं. जुन्या कायद्यात आदेश मौन असला, तर त्या एकापाठोपाठ चालत. पण नीट लक्षात घ्या, एकत्र भोगणं म्हणजे कलम ९ चा लाभ नव्हे. शिक्षा अनेकच राहतात, प्रत्येकीचा दंड वेगळा लागतो. दंड न भरल्याची कैदही एकत्र चालत नाही. २०१८ च्या शरद हिरू कोळंबे निकालात ते स्पष्ट आहे. दंडाची तजवीज न केल्यानं गरीब माणूस मूळ शिक्षा संपूनही आत राहतो, याचं फार वाईट वाटतं.

सीमाभागाचा प्रश्न वेगळा. हाणामारी निपाणीत सुरू होऊन कागलच्या हद्दीत संपली, तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९८ नुसार खटला दोन्हीकडे चालू शकतो. दोन्ही न्यायालयांनी दखल घेतली, तर कार्यवाही आधी जिथं सुरू झाली, तिथलं उच्च न्यायालय कलम २०६ खाली ठरवतं. एकीकडे निकाल लागला, मग निर्दोष सुटका का असेना, त्याच गुन्ह्याचा दुसरा खटला कलम ३३७ अडवतं. संविधानाचं कलम २०(२) मात्र खटला होऊन शिक्षाही झाली असेल तरच लागू होतं. राज्य बदललं म्हणून गुन्हा नवा होत नाही.

शिक्षेच्या आदेशात चूक दिसली, तर अपिलात तिचा स्वतंत्र मुद्दा घ्या. दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात ३० दिवस, सत्र न्यायालयाच्या निकालावर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात ६० दिवस.