एमएस पुढे किती वाढणार, हे नसांच्या सिग्नलवरून सांगता येतं का?

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस काय असतं हे इथल्या बऱ्याच जणांना घरातूनच माहितीये, त्यामुळे थोडक्यात सांगतो. मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवर मायलिनचं आवरण असतं, वायरवर प्लास्टिक असतं ना तसं, आणि आपलीच इम्युनिटी ते कुरतडते. मग सिग्नल हळू जातो, कधी पोचतच नाही. हा उशीर मोजता येतो, मिलिसेकंदात, आणि आज मला त्याच्याबद्दलच बोलायचंय.

आधी डोळा घेऊ. स्क्रीनवर काळेपांढरे चौकोन सारखे अदलाबदल करत राहतात, तुम्ही मधल्या ठिपक्याकडे बघत बसायचं, आणि डोक्याच्या मागे चिकटवलेल्या इलेक्ट्रोडवर साधारण १०० मिलिसेकंदांनी एक लाट उमटते. ही व्हीईपी टेस्ट. १९७२ मध्ये लंडनला हॅलिडे, मॅकडॉनल्ड आणि मुशिन यांनी ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज, झालेल्यांवर ती करून बघितली तर लाट चांगलीच उशिरा येत होती, आणि खरी गोष्ट पुढेच आहे, नजर परत सुधारली तरी लाट उशिराच येत राहिली. म्हणजे पेशंट म्हणतोय मी बरा झालो, तक्त्यावरची बारीक ओळसुद्धा वाचतोय, आणि नस मात्र अजून बिघडलेलीच.

हातापायांसाठी एमईपी. १९८५ मध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांच्या टीमने डोक्यावर कॉइल धरून मॅग्नेटिक पल्स द्यायची पद्धत दाखवली. त्याआधी डोक्याच्या कातडीतून सरळ करंट देत, ते चांगलंच दुखायचं. आता फक्त टक्कन आवाज होतो आणि अंगठा उडतो. मेंदूकडून निघालेला सिग्नल हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत किती वेळात पोचला ते बघायचं, पायाला अर्थातच जास्त वेळ लागतो, उंच माणसाला अजून थोडा जास्त.

आता कोणी म्हणेल एमआरआय असताना हे जुनं कशाला? एमआरआय डाग कुठे आहेत ते दाखवतो, पण डाग भरपूर आणि माणूस चालतोय मस्त, किंवा डाग मोजकेच आणि काठीशिवाय चालता येत नाही, असं एमएसमध्ये सर्रास दिसतं. रस्ता चालू आहे की बंद ते सिग्नलवरून कळतं. माझं स्पष्ट मत आहे की एमआरआय आल्यावर आपण या टेस्ट जरा घाईनेच अडगळीत टाकल्या. एमएसचं निदान ज्यावरून करतात त्या मॅकडॉनल्ड निकषांच्या २०२४ च्या नव्या आवृत्तीत ऑप्टिक नर्व्हला, म्हणजे डोळ्याच्या नसेला, जागा मिळाली आणि व्हीईपी परत आत आली, बरं झालं.

पण हे झालं निदानाचं, आणि घरच्यांचा प्रश्न वेगळाच असतो, पुढे काय होणार? अपंगत्व मोजायला ईडीएसएस नावाची पट्टी आहे, ० ते १०, कुर्ट्झके यांची, १९८३ ची. ६ म्हणजे १०० मीटर चालायला काठी लागते, ७ च्या आसपास व्हीलचेअर. स्विट्झर्लंडमधल्या बाझेलच्या आणि इटलीतल्या मिलानच्या ग्रुपने डोळ्याच्या, हातापायाच्या टेस्टचे मार्क एकत्र केले तर ज्यांचे सुरुवातीलाच खराब त्यांचा ईडीएसएस पुढे जास्त वाढतो असा कल दिसला. कल हं, गॅरंटी नाही.

मला सगळ्यात भारी वाटलं ते बेल्जियममधलं काम. पेल्ट नावाच्या छोट्या गावात एमएस सेंटर आहे, तिथे पेशंट फॉलोअपला आला की एमईपी काढतात आणि नुसता आकडा नाही, अख्खी लाट साठवून ठेवतात, साडेनऊशेहून जास्त पेशंट आणि वर्षानुवर्षांचा डेटा. हॅसेल्ट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी म्हटलं आपण लाटेतून दोनच गोष्टी घेतो, किती उशिरा आली आणि किती उंच आली, बाकीचा आकार सरळ फेकून देतो. मग त्यांनी त्याच लाटेतून हजारो बारीकसारीक गुण काढले आणि कॉम्प्युटरला विचारलं की २ वर्षांत कोणाचं अपंगत्व वाढेल. २०२० मध्ये रिसर्च पेपर आला, एयूसी ०.७५ च्या आसपास.

हा आकडा नीट समजून घ्या कारण पेपरवाले इथेच गडबड करतात. हे "७५ टक्के अचूक" नव्हे. दोन पेशंट घ्या, एकाचं २ वर्षांत वाढलं, दुसऱ्याचं नाही, तर मशीन ४ पैकी ३ वेळा बरोबर माणसाला जास्त धोक्यात टाकतं. नुसता अंदाजपंचे खेळ असता तर ०.५ आला असता. नेहमीच्या मोजमापांपेक्षा सुधारणा झाली पण डोळे दिपतील इतकी नाही, आणि तुमच्या आईला काठी लागेल का याचं उत्तर त्यात अजून नाही. कारणंही आहेत, कॉइल हाताने धरतात, ती जरा सरकली की लाट बदलते, आणि ज्या ईडीएसएसशी आपण ताडून बघतो त्यातच दोन डॉक्टरांचं अर्ध्या मार्कावरून जमत नाही. शिवाय औषधाने आजार थांबला तर अंदाज चुकला म्हणायचं की औषध जिंकलं?

तुमच्यासाठी यातलं कामाचं एवढंच, की रिपोर्टवर नुसतं "अॅबनॉर्मल" लिहून दिलं तर ग्राफची प्रिंट पण मागून घ्या आणि फाईलला लावा, पुढची टेस्ट शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. अंगात ताप असेल तर तारीख पुढे ढकला, कारण शरीर तापलं की मायलिन गेलेल्या नसेतला सिग्नल अजून अडतो आणि मग आजार वाढला की नुसता ताप होता हे लाटेवरून कळत नाही.