बी धरावं तर टोमॅटोचं

नमस्कार, श्रोतेहो.

काही वर्षांपूर्वी एक टोमॅटो चवीला फार आवडला, म्हणून मी त्याचं बी काढून कुंडीत टाकलं. रोपं जोमानं आली, फळंही लागली. पण एका झाडाचं फळ दुसऱ्यासारखं नाही, आणि मूळ टोमॅटोसारखं तर एकही नाही! मी बरेच दिवस मातीला दोष दिला. माती बिचारी निर्दोष होती. तो टोमॅटो संकरित वाणाचा होता. दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून ते बियाणं तयार होतं आणि पुढच्या पिढीत आईबापांचे गुण विखुरतात. पिढीजात वाणाचं तसं नाही. तो सरळ वाण. त्याचं बी लावलं की तेच फळ हाती येतं, फक्त कुणीतरी बी धरत राहायला हवं.

चेरोकी पर्पल नावाचा असाच एक पिढीजात वाण आहे. १९९० साली अमेरिकेतल्या क्रेग लहूलियर या हौशी बागायतदाराला टेनेसी राज्यातून टपालानं थोडं बी आलं. वाणाला नाव नव्हतं. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच, की हे मूळचं चेरोकी या अमेरिकेतल्या आदिवासी लोकांकडून आलंय. लहूलियर यांनी ते लावलं, नाव दिलं, बी वाटलं. आज तो जगभर लावला जातो. मळकट जांभळट रंगाचा, पिकला तरी देठापाशी हिरवा राहणारा.

ते हिरवे खांदे पाहून लोक फळ कच्चं समजतात. खरं तर चवीचा एक धागा तिथंच आहे. सगळं फळ एकसारखं लाल व्हावं म्हणून विसाव्या शतकात निवड होत गेली. त्या निवडीत एक जनुक निकामी झालेलं होतं, हे २०१२ साली संशोधकांनी दाखवलं. कच्च्या फळात हरितद्रव्य वाढवणारं, म्हणजे पुढे साखरेला हातभार लावणारं जनुक. रंग साधला, गोडी थोडी गेली.

आता पेरणी. बी अर्धा सेंटीमीटर खोल, त्याहून खोल नको. माती पंचवीस अंशांच्या आसपास उबदार असली की आठवड्याभरात कोंब दिसतो. मान वाकवलेला, कधीकधी बियाचं टरफल टोपीसारखं डोक्यावर अडकलेलं. ते ओढून काढू नका, पानं तुटतात. पाण्याचा एक थेंब सोडा आणि थांबा.

पाण्याचा हात मात्र आखडता. एकदा मी मायेपोटी सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं आणि तिसऱ्या दिवशी निम्मी रोपं बुडाशी दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी! याला रोप कोलमडणं म्हणतात. ओलीत वाढणाऱ्या बुरशीचं काम. तेव्हापासून मी ट्रेला खालून पाणी देते, वरची माती सुकल्यावरच.

सहा ते आठ आठवड्यांनी रोप जागेवर लावताना खालची पानं खुडून खोड खोल पुरा. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात, हे त्याचं वैशिष्ट्य. काठी त्याच दिवशी रोवा, नंतर रोवली तर मुळं दुखावतात. पिढीजात वाणांतले बहुतेक वेलासारखे वाढत राहतात, माणसाच्या उंचीच्या वर जातात. कधी कोरडं, कधी चिंब असं पाणी दिलंत तर कॅल्शियम फळापर्यंत नीट पोचत नाही आणि फळाचं बूड काळं पडतं. लोक औषध शोधत बसतात; मी आधी पाण्याची वेळ सांभाळते.

उत्पन्न बेताचंच येईल, हे आधीच सांगून ठेवते. फळं तडकतात, वेडीवाकडी येतात, आणि ब्रँडीवाइनसारखा वाण तर फळाला इतका उशीर लावतो की आपली श्रद्धा डळमळते.

पण बी धरणं सोपं आहे. टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच्याच परागानं फळतं, म्हणून भेसळ कमी. निरोगी झाडावरचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या, गर आणि बिया पेल्यात पिळा, थोडं पाणी घालून दोन-तीन दिवस ठेवा. वर पांढरट साय धरेल, वास येईल; घरातले नाकं मुरडतील. बियाभोवतीचं बुळबुळीत आवरण उगवण रोखून धरतं, ते या आंबण्यानं सुटतं. मग ढवळा, वरचं तरंगणारं ओता, तळाशी बसलेलं धुऊन घ्या आणि ताटलीत पसरून सावलीत वाळवा. कागदावर नको, चिकटून बसतं. वाळलेलं बी बोटाला मऊ, लवदार लागतं. कोरड्या, थंड जागी चार-पाच वर्षं सहज टिकतं.

पुडीवर नाव आणि साल लिहायला विसरू नका. माझ्याकडे एक कोरी पुडी आहे, अठरा बियांची. कोणता वाण, कधीचा, काही आठवत नाही. त्यातल्या सहा परवा पेरल्या. आज सकाळी दोन माना वर आल्या आहेत.